मेलेल्या भेगेवरची कांडी

मी बोलतेय. आधीच सांगून टाकते, मी भूकंपमापक नाही. ते वर दर्शनी खोलीत, काचेच्या पेटीत बसलेलं असतं. पाहुणे आले की त्याच्यासमोर उभे राहतात, माना डोलावतात आणि त्यातला एक तरी शहाणा फरशीवर दाणकन उडी मारतो. पडद्यावरची रेघ थरथरली की सगळे खूश. इतक्या वर्षांत उडी न मारता परत गेलेला घोळका मी ऐकलेला नाही. शाळेची पोरं मारतात ते मी समजू शकते. पण पोट सुटलेले, टक्कल पडलेले, नावामागे पदव्यांची शेपटी लावलेले बाप्येही मारतात. पृथ्वीची हालचाल बघायला येतात आणि स्वतःचं वजन सांगून जातात.

मी खाली असायचे, तळघरात. तिकडे कोणी फिरकायचं नाही. मी म्हणजे धातूची एक लांब कांडी, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पुरेल एवढी. तळघराची जमीन मुद्दाम फरशी न घालता उघडी ठेवलेली, आणि त्या खडकातून एक भेग गेलेली. भेगेच्या अलीकडे माझं एक टोक खडकात रोवलेलं. दुसरं टोक पलीकडच्या खडकावर बसवलेल्या तबकडीला टेकलेलं. भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून सरकल्या की मी तबकडीची सुई ढकलायची. बस, एवढंच काम. त्याला वीज लागत नाही, पडदा लागत नाही, टाळ्या तर अजिबातच लागत नाहीत.

मला ज्या कारखान्यात घडवलं तिथल्या फोरमनने मला आधी उकळत्या पाण्यात बुडवलं, मग बर्फात ठेवलं, आणि दोन्ही वेळा माझी लांबी मोजली. मग हात पुसत तो म्हणाला, "ही काही बदलायची नाही बुवा. हट्टी आहे." माझा धातूच तसा आहे. उन्हाने फुगत नाही, थंडीने आकसत नाही. त्यासाठीच तो मुद्दाम निवडलेला. माझ्याबद्दल कोणी खरं बोललेलं ते पहिलं वाक्य, आणि पुढे कितीतरी वर्षं तेच शेवटचं.

तिथून मी या भूकंप वेधशाळेत आले. वेधशाळेचे पहिले प्रमुख म्हणजे थोरले साहेब. जागा त्यांनीच निवडलेली. पाया खणताना ही भेग सापडली तेव्हा बांधकामवाले जरा चाचरले. थोरले तेव्हा तरुण होते, पण त्यांचा आवाज तेव्हापासूनच म्हाताऱ्याचा होता. खड्ड्याच्या काठावर उभे राहून ते म्हणाले, "ही भेग मेलेली आहे. हजारो वर्षांत हललेली नाही. बांधा बिनधास्त."

आणि बांधलं. तळघरावर प्रमुखांचा बंगला, त्याच्याच दर्शनी खोलीत ती काचेची पेटी. त्याच्या मागे, त्याच भेगेच्या रेषेवर, नोकरवर्गाच्या घरांची रांग. भेग मेलीय हे जगाला दिसावं म्हणून मला तिच्यावर आडवं घातलं. बघा म्हणजे, मला मोजायला बसवलंच नव्हतं. मला गप्प राहायला बसवलं होतं. न हलले तर थोरले खरे. हलले तर मी बिघडलेली.

मी पहिल्याच वर्षी हलले. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढी.

थोरले टॉर्च घेऊन खाली आले. सुईकडे बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "उन्हाळा कडक होता," ते स्वतःशीच म्हणाले. "कांडी वाढली." खिशातून स्क्रू फिरवायचा पाना काढला आणि सुई शून्यावर आणून ठेवली.

दुसऱ्या वर्षी मी पुन्हा तेवढीच हलले, त्याच दिशेला. त्या वर्षी थंडी कडक होती, म्हणून थंडीने वाढले. थंडीने वाढणारा धातू जगात कुठे मिळत असेल तर मला जरूर कळवा.

सुई कधीतरी मागे आणावी लागते, हे मलाही कळतं. तबकडी लहान असते, सुई टोकाला टेकली की पुढे कुठे जाणार? पण आणताना आधीचं किती झालं होतं ते धरून ठेवायचं असतं. थोरल्यांनी ते कधी धरून ठेवलं नाही. वरच्या कचेरीतून तपासणी समिती दर वर्षी येई. तिच्या आदल्या दिवशी बंगल्याच्या आणि रांगेच्या भिंतींना गेलेले तडे गिलाव्याने बुजवत, वर चुना फासत, आणि शेवटी खाली येऊन मला शून्यावर आणत. या प्रकाराला त्यांच्यात नाव पडलं होतं: कांडीची आंघोळ. "उद्या समिती आहे, कांडीची आंघोळ झाली का?" असं कामाच्या गडबडीत एकमेकांना विचारायचे. पाहुणे यायच्या आधी घरातला पसारा खाटेखाली ढकलावा, तसं.

समिती यायची, शून्य बघायची, म्हणायची, "उत्तम. भेग स्थिर आहे." मग वर जाऊन एखादी उडी मारायची आणि चहा प्यायची.

मजा म्हणजे हीच माणसं समुद्रापलीकडे जमीन हलली की आनंदाने नाचायची. "आपल्या यंत्रावर आलं हो! सगळ्यात आधी आपल्याकडे!" आसपासच्या डोंगरांत कुठे काय हललं, किती खोल हललं, सगळं त्यांना तोंडपाठ. फक्त स्वतःच्या पलंगाखाली काय चाललंय ते माहीत नव्हतं. किंवा होतं. ते आणखी वाईट.

थोरले निवृत्त झाले. म्हणजे खुर्ची सोडली, खोली सोडली नाही. त्यांच्या जागी प्रमुख म्हणून आले त्यांचेच चिरंजीव, धाकटे साहेब. मुलाखत घेणारे सगळे थोरल्यांच्याच हाताखाली वाढलेले, तेव्हा मुलाखत कशी झाली असेल ते सांगायला नको. धाकटे वाईट नव्हते. वाईट असायलाही थोडा कणा लागतो. बापाने खाकरलं की यांचं वाक्य अर्ध्यात थांबायचं. धाकट्यांची बायको हुशार निघाली. तिने नोकरीची बदली दूरच्या गावी मागून घेतली आणि सुट्टीपुरतं येऊ लागली.

थोरल्यांची खोली बरोबर माझ्या डोक्यावर. मधे लाकडी तक्तपोशी आणि कोपऱ्यात हवेसाठी ठेवलेली जाळी. त्यामुळे वरचा शब्द न् शब्द मला ऐकू यायचा. ऐकायची हौस नव्हती, पण कान बंद करायची सोय मला केलेली नाही.

त्या खोलीचं दार घासायला लागलं. आधी थोडं, मग ढकलावं लागायचं, मग खांदा लावावा लागायचा. धाकटे सुताराला बोलावत.

"लाकूड फुगलंय साहेब," सुतार म्हणायचा. "हवा दमट आहे इथली."

"मागच्या वर्षीही तू हेच म्हणालास. तेव्हा तासलं होतंस ना?"

"ते मागच्या वर्षीचं फुगलेलं तासलं. हे नवीन फुगलंय."

"असं किती फुगतं रे लाकूड?"

"साहेब, लाकडाचं आणि म्हाताऱ्या माणसाचं काही सांगता येत नाही."

खोलीतून थोरल्यांचा आवाज यायचा, "काय म्हणाला तो?"

"काही नाही बाबा, तुमच्यासाठी चांगलं तासतो म्हणाला."

आणि तासायचा. चौकट तिरकी होत चालली होती आणि ते दाराला शिक्षा करत होते. खाली मी वाढले, वर लाकूड फुगलं. त्या घरात सगळ्या वस्तू फुगायच्या. जमीन तेवढी पवित्र.

मग नात आली. धाकट्यांची मुलगी. कॉलेजचं शेवटचं वर्ष अर्ध्यात सोडून, पुस्तकं एका पोत्यात भरून, न कळवता. बापाने का म्हणून विचारलं तर म्हणाली, "तिथेही सगळे तुमच्यासारखेच आहेत. मग घरी काय वाईट?"

थोरले कडाडले, "आपल्या घराण्यात परीक्षा सोडून पळालेलं एकही माणूस नाही!"

"पेपरात झोपलेली मात्र बरीच आहेत, आजोबा."

त्या दिवशी मला ती आवडली. तशी ती काही गुणाची नव्हती. तळघर थंड असतं म्हणून खाली येऊन बसायची, माझ्यावर खुशाल पाय टाकायची आणि मोबाइलवर कुणाकुणाला शिव्या द्यायची. पण एकदा समितीच्या आदल्या दिवशी ती अशीच बसलेली असताना धाकटे पाना घेऊन उतरले.

"काय करताय बाबा?"

"आंघोळ घालतोय."

"कोणाला?"

"कांडीला. शून्यावर आणायचीय."

"पण ती शून्यावर नाहीये."

"म्हणून तर आणायचीय."

"मागच्या वर्षी किती होती?"

"असेल अशीच. दाणाभर."

"आणि त्याच्या आधी?"

"तेवढीच. तेवढीच असते दर वर्षी."

"मग सगळं मिळून किती झालं?"

धाकट्यांचा हात थांबला. कितीतरी वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. पदव्यांची शेपटी असलेल्यांनी नाही, समितीने नाही. प्रश्न काही अवघड नव्हता. बाजारात भाजी घेणारं कोणीही विचारतं.

"त्याची बेरीज करायची नसते," धाकटे म्हणाले.

"असं कोण म्हणतं?"

"आजोबांनी घालून दिलेली पद्धत आहे." आणि त्यांनी सुई फिरवली.

नातीने माझ्यावरचे पाय काढून घेतले. पुन्हा ठेवले नाहीत.

त्यानंतरच्या वर्षी प्रकरण पेटलं ते रांगेत. तिसऱ्या घरात वेधशाळेच्या जीपचा ड्रायव्हर राहायचा. त्याची बायको नुकतीच बाळंत झालेली. ती तान्हं पोर कडेवर घेऊन थेट बंगल्यात आली. धाकट्यांकडे जाऊन उपयोग नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून थोरल्यांच्याच दारात उभी राहिली.

"साहेब, आमच्या न्हाणीघरातलं पाणी स्वयंपाकघरात येतं."

"पाणी जास्त ओतत असशील."

"जास्त ओतलं म्हणून पाणी चढावर जातं होय? आधी मोरीकडे जायचं, आता उलटं येतं. पाळणा टांगलाय ना, तो हलवला नाही तरी भिंतीला जाऊन टेकतो. भिंतीत माझी बोटं जातात, साहेब."

"गिलावा करून घेऊ."

"गिलावा दर वर्षीच करता. आम्हाला समोरचं विश्रामगृह द्या राहायला. कुलूपच तर असतं वर्षभर."

विश्रामगृह भेगेपासून लांब, रस्त्यापलीकडे. पक्कं बांधकाम, पांढऱ्याशुभ्र चादरी, आणि समितीचे लोक वर्षातून एकदा झोपतील म्हणून बाकीचे सगळे दिवस बंद.

"ते समितीसाठी आहे," थोरले म्हणाले. "आणि कशासाठी जायचं तुम्हाला? घराला काही झालेलं नाही. ही भेग मेलेली आहे."

"भेग बिग मला काही माहीत नाही. माझं पोर त्या भिंतीखाली झोपतं, तेवढं माहीत आहे."

"बाई, या विषयात माझी सगळी हयात गेलीय."

"तुमची गेली हो, साहेब. याची अजून सुरूही नाही झाली."

ती गेली. मग नातीचा आवाज आला. ती बापाला गाठून बोलत होती, आवाज दाबून, पण जाळीतून सगळं खाली येत होतं.

"बाबा, या वर्षी आंघोळ नाही घालायची."

"समिती येतेय. आणि या वर्षी आजोबांचा सत्कार आहे."

"म्हणूनच. समितीला बघू दे सुई. तुम्ही फक्त म्हणा, हे खरं आहे, लोकांना विश्रामगृहात हलवायला पाहिजे. तुमच्या तोंडचं एक वाक्य. रांगेतली सगळी घरं त्याच्यावर लटकलीयत."

"सत्काराच्या दिवशी? सगळ्यांसमोर? त्यांनी सगळी हयात—"

"त्यांची हयात, त्यांची हयात! त्या काकूंच्या पोराला हयात नाही का?"

धाकटे हळूच म्हणाले, "बरं. नाही घालत."

आणि खरंच घातली नाही. समितीच्या आदल्या दिवशी तळघरात कोणी आलं नाही. भिंती चुन्याने चकचकीत झाल्या, बागेतल्या विटांना गेरू लागला, आणि मी तशीच राहिले, सुई ढकलून. मला वाटलं, चला, म्हातारपणी का होईना, आपल्याला कोणी बघणार.

दुसऱ्या दिवशी समिती आली. दिवाणखान्यात खुर्च्या मांडलेल्या, फुलांचा गुच्छ तयार. थोरले खोलीत कोट घालत होते. आणि तेवढ्यात भेग हलली. या खेपेला सावकाश नाही, एका झटक्यात. मोठा धक्का नव्हता तो. कपबशा किणकिणल्या, दिव्यांनी झोके घेतले, एवढंच. पण मी सुईला तबकडीच्या टोकाशी नेऊन आपटलं.

वर काय झालं असेल? सगळे काचेच्या पेटीकडे पळाले. "स्थानिक! स्थानिक! आपल्याच पायाखालचा!" आनंदाला नुसतं उधाण. समितीच्या अध्यक्ष महाशयांनी तर रेघेसोबत फोटो काढून घेतला. खाली यायचं कोणाला सुचलं नाही.

मग माझ्या डोक्यावर धपाधप आवाज सुरू झाला.

"उघडा! अरे कोणी आहे का तिकडे?"

चौकटीने दार आवळून धरलं होतं. थोरले साहेब कोट घालून आत अडकले होते. शिपायाने खांदा लावला, ड्रायव्हरने लाथ घातली, अध्यक्षांनी सूचना दिल्या. दार जागचं हलेना.

"बिजागरी!" आतून थोरले ओरडत होते. "बिजागरीला तेल नाही! किती वेळा सांगितलं तेल घाला म्हणून!"

नात दाराला तोंड लावून म्हणाली, "आजोबा, भेग मेलीय ना? मग दार कोणी धरलंय?"

आतली धपाधप थांबली. मला वाटलं, पोचलं. पण थोरलेच ते.

"सुताराला बोलवा," आतून आवाज आला.

सुतार आला. दाराच्या कडेवरून हात फिरवला आणि डोकं खाजवत म्हणाला, "आता तासायला जागा नाही. कापावंच लागेल." करवत चालली. भुसा जाळीतून माझ्या अंगावर पडत राहिला. दार गेलं आणि थोरले बाहेर आले, कोटावर भुसा, केस विस्कटलेले. कोणीतरी हसू दाबलं. ते सरळ दिवाणखान्यात गेले, गुच्छ घेतला आणि भाषण ठोकलं. ठोकलं म्हणजे ठोकलंच. खड्ड्याच्या काठावर उभं राहून त्यांनी भेग कशी ओळखली, सगळे कसे घाबरले होते, आणि ती मेलेली आहे हे काळाने कसं सिद्ध केलं. टाळ्याही पडल्या. ज्या लोकांनी थोड्या वेळापूर्वी त्याच भेगेच्या धक्क्यासोबत फोटो काढले होते, त्यांनीच वाजवल्या. ही अक्कल कुठल्या भट्टीत घडते ते मला अजून कळलेलं नाही.

मग रीतीप्रमाणे समिती खाली उतरली. पुढे अध्यक्ष, मागे धाकटे, पायऱ्यांवर नात. टॉर्चचा उजेड माझ्या तबकडीवर पडला. सुई टोकाला चिकटलेली.

"हे काय?" अध्यक्षांनी विचारलं.

बोल, मी मनातल्या मनात धाकट्यांना म्हटलं. एक वाक्य. बोल रे.

अध्यक्षच पुढे म्हणाले, "आज शून्यावर नाही? तपासणीच्या दिवशी शून्यावर असते ना?"

हे ऐकलंत? त्यांना सुई का हलली हे विचारायचं नव्हतं. आंघोळ का राहिली हे विचारायचं होतं. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं, सगळ्यांनाच ठाऊक होतं. दर वर्षी एकमेकांना शून्य दाखवायचं आणि शून्य बघायचं, असा त्यांचा आपसांत गोड समझोता.

धाकट्यांनी तोंड उघडलं. मिटलं. वरून थोरल्यांनी खाकरल्याचा आवाज आला.

"राहिलं, सर," धाकटे म्हणाले आणि खिशातून पाना काढला.

एरवी नातीची जीभ तोंडात मावायची नाही, पण त्या वेळी ती नुसती वळली आणि पायऱ्या चढून गेली. मी शून्यावर येत असताना वर किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला, आणि मग जाळीतून तिचा आवाज आला, अंगणातून, मोठ्याने, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा.

"काकू! पोराला उचला. सामान मागून आणू. विश्रामगृह उघडलंय!"

मी नंतर जे ऐकलं त्यावरून सांगते. समितीच्या सुटकेसा व्हरांड्यात आल्या. पांढऱ्याशुभ्र चादरींवर ओलं पोर झोपलं. पहिल्या घराने तिसऱ्याचं बघितलं, पाचव्याने पहिल्याचं, आणि दिवस मावळायच्या आत सगळी रांग रस्त्यापलीकडे गेली होती. अध्यक्ष तणतणत आले, "हा काय प्रकार आहे? कोणाच्या परवानगीने?"

ड्रायव्हरची बायको म्हणाली, "आमचं घर रिकामं आहे, साहेब. चुना पण ताजा आहे. तुम्ही झोपा तिथे."

अध्यक्ष झोपले नाहीत. लगेच गाडी काढून निघून गेले. भेग मेलेली होती ना?

मग वरच्या कचेरीतून फोन सुरू झाले. विश्रामगृह रिकामं करून घ्या. धाकटे प्रत्येक फोनला म्हणत, "हो सर. करतो सर," आणि काहीच करत नसत. काही न करण्याचा सराव त्या माणसाने जन्मभर केला होता. त्या दिवसांत तो पहिल्यांदा कोणाच्या तरी कामी आला.

नातीशी मात्र बाप बोलू शकत नव्हता, आणि ती बोलत नव्हती. ती विश्रामगृहातच राहायला गेली होती. बंगल्यात उरले थोरले आणि धाकटे, आणि खाली मी.

थोड्याच दिवसांत, भरदुपारी, तिसऱ्या घराची मागची भिंत बसली. कोसळली असं म्हणायलाही जोर लागतो. ती नुसती खाली बसली, दमलेल्या माणसासारखी. जिथे पाळणा टांगलेला असायचा, तिथे. आत कोणी नव्हतं.

थोरल्यांनी बातमी ऐकली आणि म्हणाले, "निकृष्ट बांधकाम."

आता बंगलाही राहण्यासारखा उरला नव्हता. फरशी एका बाजूला कलली होती, खिडक्यांच्या काचा तडकल्या होत्या. धाकट्यांनी सामान हलवलं. थोरले हलेनात. दार नसलेल्या खोलीत खुर्ची टाकून बसून राहिले. धाकटे डबा घेऊन यायचे, विनवण्या करायचे. शेवटी नातही आली, एवढी भांडलेली असूनही.

"आजोबा, चला. हे घर पडेल तुमच्या अंगावर."

"नाही पडत."

"का असा हट्ट करता?"

मग थोरले जे बोलले, ते मी त्या घरात ऐकलेलं त्यांचं एकमेव प्रामाणिक वाक्य. "मी इथून हललो, तर भेग हलली असं होईल."

हे ऐका! जिवंत माणूस मेलेल्या भेगेवर वजन म्हणून बसला होता.

नात रागाने निघून गेली. धाकटे खाली आले, माझ्यापाशी. पाना आणला नव्हता. खडकावर उकिडवे बसले आणि बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजायला लागले, ओठ हलवत. एकेका वर्षाचा एकेक दाणा. मोजून झाल्यावर त्यांनी हात ताणून खडकावर ठेवला, अंगठा इकडे, करंगळी तिकडे, आणि त्या अंतराकडे बघत बसले. वीतभर. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझी बेरीज केली, आणि केली ती बापाच्या जिवावर बेतल्यावर.

ते वर गेले. "बाबा, सगळं मिळून वीतभर झालंय."

"कांडी बिघडलीय," थोरले म्हणाले.

आता हा माणूस काय करेल, याची मी वाट बघत होते. एकदा तरी सांगेल का, की नाही बाबा, कांडी खरी आहे, तुम्ही खोटे आहात?

"हो बाबा," धाकटे म्हणाले. "कांडी बिघडलीय. मुळातूनच बदलावी लागेल. त्यासाठी ही तक्तपोशी उखडावी लागणार. तेवढे दिवस खोली रिकामी करायला हवी."

"सगळ्यांना सांगशील, कांडी बिघडली होती म्हणून?"

"सांगेन."

"समितीलाही?"

"समितीलाही."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग काठी टेकल्याचा. "कोट दे माझा," थोरले म्हणाले. "आणि सगळं सामान नेऊ नका. परत यायचंय."

तर असा मला विकून त्याने बाप बाहेर काढला. रस्त्यापलीकडे नात उभी होती म्हणे. तिने बापाला विचारलं, "खोटं बोललात?" बाप म्हणाला, "बाहेर आले ना?" तिने आजोबांचा हात धरून त्यांना आत नेलं. मला विचाराल तर थुंकावंसं वाटतं, आणि थुंकता येत नाही, असं काहीतरी झालंय.

नंतर मला बाहेर काढलं. बिघडलेली म्हणून जाहीर केलं, तबकडी वेगळी केली. तिथे आता कोणी मोजत नाही. बंगला तिरका उभा आहे, समोर दोर बांधून येणं-जाणं बंद केलंय. आतली भेग दाणादाणा सरकत असणारच. थोरले विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, लोकांना वेळेवर हलवायचा निर्णय आपल्याच घरात झाला. ते खोटंही नाही म्हणा. नात ऐकते, दात चावते, आणि त्यांना औषध देते.

माझं काय म्हणाल तर काही दिवस मी अडगळीत होते. तिथून मला ड्रायव्हरच्या बायकोने उचललं. भाव केला नाही, परवानगी मागितली नाही. "सरळ आहे, गंजत नाही," म्हणाली आणि विश्रामगृहाच्या मागच्या अंगणात दोन खुंटांवर आडवी टाकली. उन्हात मी बदलत नाही, हे तिने पहिल्याच आठवड्यात ओळखलं. बांबू वाकायचा, ही वाकत नाही, असं शेजारणीला सांगत होती. त्या कारखान्यातल्या फोरमननंतर माझ्याबद्दल खरं बोलणारी ही दुसरी.

जाता जाता तुम्हाला एक सांगते, आणि हात जोडून सांगणार नाही, मला हात नाहीत. तुमच्या घरात एखादं दार घासायला लागलं तर तासा खुशाल. सुताराचंही पोट आहे. पण किती तासलं ते लक्षात ठेवा. आणि घरातलं कोणी मोठं माणूस म्हणालं, याची बेरीज करायची नसते, तर त्याच्या समोरच बसा आणि करा. मोठ्याने करा.

बस. आता मला काम आहे. आत्ताच तिने पोराची दुपटी धुऊन माझ्यावर टाकलीयत. सगळी ओली आहेत, ठिबकतायत. आतून ते कार्टं गळा काढून रडतंय, आणि कोणाचंही ऐकत नाहीये.